पुढचा शब्द सुचवणारी यादी

आमच्या घरात कुणी "अर्ध्या तासाचं काम आहे" असं म्हणालं, की बाकीचे सगळे माझ्याकडं बघतात. लेकही बघते, आणि तिला तर त्या वेळी धड बोलताही येत नव्हतं. तेव्हा ही हकीकत मीच सांगून टाकलेली बरी. दुसऱ्या कुणी सांगितली की तिच्यात मी आहे त्यापेक्षा जास्त येडा दिसतो.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. केजच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं घर आणि मधे एक खोली. त्या खोलीत आधी पितळी हंडे-घागरी असायच्या. पितळेला गिऱ्हाईक राहिलं नाही तेव्हा हंडे माळ्यावर गेले आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर आला. आणला मी, वापरायची बायको. मी तीन महिन्यांचा कोर्स करून प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलेलं. तिनं लग्नाआधी टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेल्या आणि लग्नानंतर अंबाजोगाईच्या एका क्लासमध्ये पोरापोरींना वेबसाईटची पानं बनवायला शिकवलेलं. तिचं प्रमाणपत्र कपाटात साड्यांच्या खाली होतं.

लेक झाली आणि तिचं जीपनं रोज अंबाजोगाईला जाणं बंद पडलं. दोन वर्षं ती घरीच होती. तक्रार नव्हती, पण दुपारी लेक झोपली की कॉम्प्युटर सुरू करून ती काहीतरी बनवत बसायची. आमच्या दुकानाचंसुद्धा एक पान बनवलं होतं, कुकरच्या फोटोंसकट. ते बघायला कुणी येण्याचा प्रश्न नव्हता, कारण ते इंटरनेटवर नव्हतंच. आमच्या खोलीतच होतं.

आणि एका रविवारी तिला पुण्याहून काम आलं. तिच्या क्लासमधली एक पोरगी पुण्यात एका वेबसाईटवाल्याकडं लागली होती, तिनं नाव सुचवलं. पंपाच्या सुट्या भागांचा छापील कॅटलॉग, चाळीस पानं, रात्रीच्या एसटीनं सोमवारी सकाळी पोचणारा. प्रत्येक पानाचं वेबसाईटचं पान करायचं आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचं. हे जमलं तर पुढचं काम घरबसल्या येत राहील, नाही जमलं तर विषय संपला. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "अंबाजोगाईला न जाता होईल असं काम पुन्हा कोण देणार हाय मला? हे सोडायचं न्हाई." एवढंच म्हणाली. मी मात्र ते जरा जास्तच मनावर घेतलं.

वेबसाईटचं पान आतून म्हणजे नुसता मजकूर असतो. प्रत्येक गोष्टीच्या आधी आणि नंतर टोकदार कंसात एक खूण लिहायची, तिला टॅग म्हणतात. तक्ता सुरू, ओळ सुरू, रकाना सुरू, रकाना संपला, ओळ संपली. एका पानावर पंचवीस-तीस वॉशर आणि सील, म्हणजे त्याच त्या खुणा शे-दोनशे वेळा. सोमवारी तिनं सहा पानं केली आणि संध्याकाळी भाकरी थापताना सहज म्हणाली, "तेच तेच लिहून बोटं आखडायलीत."

बस. एवढं निमित्त पुरलं.

मी एका मासिकात वाचलं होतं की आता असे एडिटर, म्हणजे लिहायचे प्रोग्राम, निघालेत, ज्यांत दोन अक्षरं लिहिली की पूर्ण शब्द खाली येतो. आपण एंटर मारायचा, बाकीचं ते लिहितं. त्याला ऑटो-कम्प्लीट म्हणतात.

"मी बसवून देतो," मी म्हणालो. "अर्ध्या तासाचं काम हाय."

"नका. चाललंय ते बरं चाललंय."

"अगं, पण दोन अक्षरं लिहायची फक्त! बाकीचं ते आपोआप लिहितंय."

"मी बी आपोआपच लिहिते की. बघून कुठं लिहिते?"

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला पाहिजे होतं. पण मी ऐकत नव्हतो, मी सांगत होतो.

मंगळवारी सकाळी वडिलांना गल्ल्यावर बसवून मी अंबाजोगाईला गेलो. तिथं माझा एक वर्गमित्र कॉम्प्युटरचं दुकान चालवायचा. त्याच्याकडं त्या एडिटरची सीडी होती.

"तुला कशाला पायजे बे हे?" तो म्हणाला. "तू तर पातेले विकतो."

"बायकोसाठी."

"वहिनीला येतंय सगळं. ती मला शिकवंल. तू कशाला बी हात नको लावू." त्यानं सीडी दिली, चहा पाजला आणि जाताना पुन्हा म्हणाला, "हात नको लावू." त्या आठवड्यात सगळे मला सरळ मराठीत सांगत होते.

मी नसताना तिनं पाच पानं केली. अकरा झाली. मी दुपारी आलो आणि तिला खुर्चीवरून उठवलं.

एडिटर लगेच बसला. ती दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली फार चांगली गेली. मी टोकदार कंस लिहिला, 'टी' लिहिला आणि वाट बघितली. काही आलं नाही. 'ए' लिहिला. काही नाही. सीडीवरच्या माहितीत लिहिलं होतं की वेबच्या टॅगांची यादी आपली आपण करून द्यायची. एक फाईल बनवायची, ती अमुक फोल्डरमध्ये अमुक नावानं ठेवायची, शब्द इंग्रजी वर्णक्रमानं लावायचे. फाईलची पहिली ओळ दिल्याप्रमाणेच असावी आणि तिच्या आधी काहीही नसावं. नमुना सोबत दिलेला होता. मी म्हटलं, ठीक आहे, आणखी अर्धा तास.

लोडशेडिंगमुळं तेव्हा सकाळी चार तास लाईट नसायची, संध्याकाळीही मन मानेल तशी जायची. बुधवारी लाईट आली तेव्हापासून मी फाईल बनवली, फोल्डरमध्ये ठेवली, एडिटर बंद केला, चालू केला. काही नाही. फाईल काढली, परत ठेवली. काही नाही. बायको कॅटलॉग मांडीवर घेऊन बाजूच्या स्टुलावर बसलेली. लेक तिच्या पदराला लोंबकळलेली.

"झालं का?"

"होतंच आलंय."

"मग मी तवर एक पान करू का?"

"आता मधेच? सगळं उघडलेलं हाय."

तीन वाजता वर्गमित्राला फोन लावला. तो म्हणाला, "बे, फाईलच्या नावाला मागं डॉट टीएक्सटी चिकटलंय का बघ. कॉम्प्युटर ते लपवून ठेवतो." चिकटलं होतं. मी जे नाव दिवसभर कौतुकानं बघत होतो, ते अर्धंच नाव होतं. शेपूट काढलं. तरी काही नाही.

मग लक्षात आलं की माझे शब्द वर्णक्रमानं नव्हते. मला जसे आठवले तसे लिहिलेले. नव्वदेक टॅग होते. आता हे कॉम्प्युटरकडूनच लावून घेता येतं, हे माझ्या प्रमाणपत्रात शिकवलं नव्हतं. मी दुकानात जाऊन किमतीच्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूला एकेक टॅग लिहिला आणि काउंटरवर स्टीलच्या ताटल्या मांडल्या. 'ए'ची ताटली, 'बी'ची ताटली, 'सी'ची ताटली. वडील चष्म्यावरून बघत होते.

"हे काय चाललंय?"

"वेबसाईट."

तेवढ्यात युसूफ वडगावकडची एक बाई आली, तिला नेमकी 'टी'ची ताटली आवडली. चिठ्ठ्या दुसऱ्या ताटलीत ओतू म्हटलं, तर वडिलांनी पंखा वाढवला. दोन टॅग रस्त्यावर गेले. एक मी नालीच्या कडेनं परत आणला.

बुधवारी तिचं एक पान झालं. तेही मी चिठ्ठ्या लावत होतो म्हणून. बारा.

गुरुवारी मी क्रम लावलेली यादी पुन्हा टाईप केली, दोन बोटांनी. एडिटर चालू केला. 'टी' लिहिला. काही नाही. तेव्हा मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. लेक आठवडाभर तो शब्द म्हणत होती.

बायको उठली, माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "फाईल उघडा." मी उघडली. तिनं नमुन्याची फाईलही उघडायला लावली, दोन्ही शेजारी. दोन-तीन मिनिटं बघितलं.

"हे वर काय हाय?"

"कुठं?"

"एकदम वर. दोन उभ्या रेघा, एस एच आर आय, परत दोन उभ्या रेघा."

"ते? श्री हाय."

"कावून?"

आता याला काय उत्तर द्यायचं! आमच्या घरात कोरा कागद म्हटला की आधी वर श्री. किराण्याच्या यादीवर श्री, पाहुण्यांच्या पत्रावर श्री, माझ्या दहावीच्या गणिताच्या पेपरवर तर श्री सोडून फारसं काही बरोबर नव्हतं. वडिलांनी ती सवय हाताला इतकी लावलेली की श्री लिहिला हे मला कळतसुद्धा नाही. नवी फाईल म्हणजे कोरा कागदच. तीन दिवसांत मी ती फाईल नऊ-दहा वेळा नव्यानं बनवली होती आणि दरवेळी श्रद्धेनं बिघडवली होती.

"त्यात लिहिलंय की पहिल्या ओळीच्या आधी काहीही नको," ती म्हणाली. "तुमी वाचलं न्हाई?"

"वाचलं. पण श्री म्हणजे काहीही थोडंच हाय?"

ती हसली नाही. श्री खोडायचा नसतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. वडील पलीकडंच होते. हात पुढं जाईना. शेवटी तिनं माझ्या खांद्यावरून हात घालून ती ओळ पुसली आणि म्हणाली, "मनात म्हणा."

मी टोकदार कंस लिहिला, 'टी' लिहिला, आणि खाली एक छोटी पिवळी चौकट उघडली. तक्ता, ओळ, रकाना, सगळे टॅग एकाखाली एक उभे. मी ओरडलोच. वडिलांना हाक मारली. ते आले, बघितलं, म्हणाले, "बरं हाय," आणि गिऱ्हाईक आलं म्हणून गेले. बायकोनं जेवणाआधी घाईघाईनं, सवयीनं जुन्याच एडिटरवर, दोन पानं केली. चौदा.

शुक्रवारी मी सकाळपासून दुकानात. लाईट बाराला आली. आतून कळांचा आवाज यायला लागला, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. मी येईल त्या गिऱ्हाइकाला कुकरसोबत ऑटो-कम्प्लीट समजावून सांगत होतो. एका मास्तरांनी तर कुकर न घेताच नमस्कार केला आणि निघून गेले. चार वाजेपर्यंत तिची नऊ पानं झाली. तेवीस. रात्रीपर्यंत तीस, उद्या दहा, असा माझा हिशेब. मग आतून हाक आली.

"अहो. इकडं या."

त्या आवाजावरूनच कळलं.

तिनं पान ब्राउझरमध्ये उघडलं होतं. तक्ता सुंदर दिसत होता. पण शेवटच्या रकान्याचं शीर्षक कॅटलॉगमध्ये 'सूटेबल फॉर' होतं, म्हणजे हा भाग कोणत्या पंपाला चालतो ते. आमच्याकडं 'सूटेबल फॉर्म' झालं होतं. 'फॉर्म' हा पण एक टॅग. यादीत मीच घातलेला, ताटलीत ठेवून, आणि आधी कंस आहे की नाही याच्याशी चौकटीला देणंघेणं नव्हतं. तिनं ओळीच्या शेवटी 'फॉर' लिहिलं, चौकटीनं 'फॉर्म' सुचवलं, आणि तिनं पुढच्या ओळीवर जायला एंटर मारला की ते घुसलं. नऊच्या नऊ पानांत. शीर्षकात तर होतंच, पण आत जिथं जिथं ओळ अशा शब्दावर तुटली होती, तिथं माझ्या यादीतलं काही ना काही येऊन बसलेलं.

"पण तुला दिसलं न्हाई का? एवढी मोठी चौकट येतीय खाली!"

"मी स्क्रीनकडं बघतच न्हाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "टायपिंगला आमच्या सरांनी कळांवर पुठ्ठा ठेवून शिकवलंय. नजर कागदावर. मान वर झाली की छडी. मी कॅटलॉगकडं बघते अन् लिहिते. तुमची चौकट मला दिसणार कशी?"

लग्नाला पाच वर्षं झाली होती. ती त्या कॉम्प्युटरसमोर बसलेली मी रोज बघत होतो. पण ती कुठं बघते, हे मला माहीत नव्हतं. दोन बोटांनी लिहून दर अक्षराला मान वर करणारा त्या घरात एकच माणूस होता. त्याच्यासाठी ती यादी अगदी योग्य होती.

"आता?" मी विचारलं.

"आता नऊ पानं ओळीनं ओळ वाचायची. अन् सतरा राहिलेली करायची. उद्या संध्याकाळपर्यंत हुणार न्हाई." तिनं कॅटलॉग मिटला. तेव्हा पहिल्यांदा तिचे डोळे भरले, आणि मी काहीतरी दुरुस्त करायला माऊसकडं हात नेला. "हात लावू नका," ती म्हणाली.

फोन दुकानात होता. तिनं तोंड धुतलं, येऊन पुण्याला फोन लावला. वडील आणि मी दोघंही पातेली पुसत असल्यासारखं करत उभे.

"सर, तेवीस पानं झालीत. सोमवारी सकाळपर्यंत सगळी देते... हो सर, शनिवार म्हणाला होता, माझ्या लक्षात हाय... न्हाई, कॉम्प्युटर बिघडला नव्हता. घरात अडचण झाली... आता? आता अडचण न्हाई सर. मी बघते तिचं." बराच वेळ पलीकडचं ऐकलं. "सोमवारी अकरापर्यंत. हो. त्याच्यानंतर नको, कळलं."

फोन ठेवला. वडिलांनी अडचणीकडं, म्हणजे माझ्याकडं बघितलं आणि पुसलेलंच पातेलं पुन्हा पुसायला घेतलं.

शनिवारी सकाळी तिनं अडचणीचं बघितलं. पिशवीत लेकीचे दोन फ्रॉक, दुधाची बाटली, माझा एक शर्ट. "युसूफ वडगावला जा आईकडं. सोमवारी दुपारी या."

"मी इथं राहून लेकीला सांभाळतो की."

"तुमी इथं राहिला की बसवून देता काहीतरी."

जीपमध्ये मी लेकीला मांडीवर घेऊन बसलो. सासुरवाडीला जावई एकटा, पोर घेऊन, न सांगता. दारातच सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"कावून हो? भांडण झालंय का?"

"न्हाई मामा. तिला काम आलंय पुण्याचं."

"मग तुमी इकडं कावून?"

मग मला त्यांना सगळं सांगावं लागलं. ओसरीवर बसून, चहा घेत, ऑटो-कम्प्लीट म्हणजे काय इथपासून. ते शांतपणे ऐकत होते. सासूबाई दारात उभ्या.

"म्हंजे समोरच्यानं 'पा' म्हणलं की ते 'पाणी' आणून देतंय?" मामांनी विचारलं.

"तसंच."

"अन् त्याला 'पान' पायजे आसंल तर?"

"तर... न्हाई म्हणायचं."

"अन् त्याचं लक्ष नसंल तर?"

मी चहा प्यायलो.

"पोरगी लई जोरात टायपिंग करती," ते थोड्या वेळानं म्हणाले. "लहान होती तवा शिकायला मीच पाठवलंय. तुमी कधी बघितलं न्हाई का बसून?"

रविवार जाता जात नव्हता. दुपारी मला आठवलं की ती चौकट बंद कशी करायची हे तिला सांगायचं राहिलंय. मेन्यूत एक बारीक बरोबरची खूण असते, ती काढायची. गावातल्या फोनवाल्याकडं गेलो. वडिलांनी फोन उचलला.

"तिला द्या जरा. मला एक सांगायचंय."

वडील आत जाऊन आले. "ती म्हणती, तिनं तो एडिटर शनवारीच काढून टाकलाय. जुन्यावर करायलीय. अन् ती म्हणती फोन ठेवा."

"कितीवर आलीय ती?"

"इचारलं न्हाई मी," वडील म्हणाले. "जेवण खोलीत नेऊन दिलंय. तू ठेव."

सोमवारी मी दुपारी म्हणजे साडेअकरालाच पोचलो. कॉम्प्युटरची खोली रिकामी, खुर्ची सरकवलेली. वडील म्हणाले, नऊलाच फ्लॉपी घेऊन चौकातल्या इंटरनेटवाल्याकडं गेलीय, त्याच्याकडं जनरेटर आहे. ती बाराला आली. लेकीला उचललं, घटाघटा पाणी प्यायली.

"गेलं?"

"साडेदहाला गेलं. मधे दोनदा लाईन तुटली."

"चाळीस?"

"चाळीस."

मला फार काही म्हणायचं होतं, पण प्रत्येक वाक्य सुरू केलं की ते अर्ध्या तासाच्या कामासारखं वाटायला लागलं. मी म्हणालो, "जेवून घे."

पुण्याचा फोन बुधवारी आला. मी उचलला आणि यावेळी एकही शब्द न बोलता तिला दिला. ती "हो सर, हो सर" करत राहिली, तोंडावर काही दिसेना. मग म्हणाली, "चालेल. पण शनिवारचा शनिवारीच देते, आता सांगायला लागणार न्हाई." फोन ठेवून तिनं आधी वडिलांना सांगितलं, मग मला. त्याच कंपनीचा दुसरा कॅटलॉग येणार होता. तो माणूस उशिराबद्दल बोललाच, पण पानांत चूक सापडली नव्हती.

"आज-उद्या कुरिअर येईल," ती आत जाता जाता म्हणाली. "मी कामात असले तर सही करून घ्या. उघडू नका."

शुक्रवारी दुपारी कुरिअरवाला पाकीट घेऊन दुकानात आला. जाड होतं. मी सही केली आणि ते जसंच्या तसं आत नेऊन तिच्या उजव्या हाताला ठेवलं. ती कुठलासा जुना कागद समोर टेकवून सराव करत होती. नजर कागदावर, बोटं आपली आपण चाललेली. मी पहिल्यांदाच दारात थांबून ते बघितलं.

"किती पानं हायत?" तिनं मान न वळवता विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हणालो. "मी उघडलं न्हाई."